लेटेक्स शाईच्या मुद्रणातील रंगव्यवस्थापन

लेटेक्स शाईच्या मुद्रणातील रंगव्यवस्थापन म्हणजे लेटेक्स शाईवर चालणाऱ्या मोठ्या आकाराच्या मुद्रणयंत्रातून अपेक्षित रंग अचूकपणे आणि प्रत्येक वेळी सारखाच मिळावा, यासाठी यंत्र, छपाईचे माध्यम, उष्णता, शाईचे प्रमाण आणि संगणकीय रंगरूपांतर यांची केलेली पद्धतशीर जुळणी होय. दुकानांच्या पाट्या, जाहिरात फलक, वाहनांवरील आवरणे, भिंतीवर चिकटवायचे चित्रकागद, प्रदर्शनांतील कापडी पडदे इत्यादींच्या छपाईसाठी ही शाई वापरली जाते. या शाईत रंग पक्का करण्याचे काम उष्णता करते. त्यामुळे छापलेल्या रंगाची गुणवत्ता केवळ संगणकातील चित्रावर अवलंबून नसते. माध्यम किती तापले, त्यावर किती शाई पडली आणि ती किती वेळात सुकली यांवरही ती तितकीच अवलंबून असते. म्हणूनच या जुळणीत क्रमाला विशेष महत्त्व आहे. आधीच्या टप्प्यात राहिलेला दोष पुढच्या टप्प्यात झाकता येतो, परंतु दूर करता येत नाही.

संज्ञा

'लेटेक्स' या शब्दाचा मूळ अर्थ रबराच्या झाडासारख्या वनस्पतींतून स्रवणारा दुधाळ चीक असा आहे. रसायनशास्त्रात मात्र पाण्यात बहुवारिकाचे (पॉलिमरचे) अतिसूक्ष्म कण तरंगत असलेल्या कोणत्याही मिश्रणाला लेटेक्स म्हणतात. घराच्या भिंतींना देतात तो पाण्यात मिसळणारा इमल्शन रंगही याच जातीचा आहे. छपाईच्या लेटेक्स शाईतील बहुवारिक कृत्रिम असते. तिचा नैसर्गिक रबराशी संबंध नाही. त्यामुळे रबरी हातमोज्यांमुळे काहींना होणारी ॲलर्जी या शाईने होत नाही.

महाराष्ट्रात मोठ्या आकाराच्या डिजिटल छपाईला बोलीभाषेत सरसकट 'फ्लेक्स' म्हटले जाते. फ्लेक्स हे प्रत्यक्षात पीव्हीसीचा लेप दिलेल्या कापडवजा माध्यमाचे नाव आहे, शाईचे अथवा यंत्राचे नव्हे. एकाच फ्लेक्सवर द्रावकयुक्त (सॉल्व्हंट) शाई, अतिनील किरणांनी पक्की होणारी (यूव्ही) शाई किंवा लेटेक्स शाई यांपैकी कोणत्याही शाईने छपाई करता येते. या तिन्ही शाया वेगवेगळ्या पद्धतीने सुकतात आणि म्हणून त्यांची रंगजुळणीही वेगवेगळी करावी लागते.

इतिहास

मोठ्या आकाराच्या बाह्य छपाईत पूर्वी प्रामुख्याने द्रावकयुक्त शाई वापरली जात असे. ही शाई व्हिनाइलच्या पृष्ठभागात थोडी मुरते आणि टिकाऊ ठरते. परंतु सुकताना तिच्यातील द्रावक हवेत मिसळतो, त्याचा उग्र वास येतो आणि बंदिस्त जागेत काम करणाऱ्यांच्या आरोग्यास तो अपायकारक ठरू शकतो. पाण्यावर आधारलेली शाई निरुपद्रवी असली, तरी विशेष लेप नसलेल्या व्हिनाइलवर ती टिकत नसे. या दोन्ही अडचणींवर तोडगा म्हणून ह्यूलेट-पॅकार्ड (एचपी) या कंपनीने २००८ मध्ये 'डिझाइनजेट एल६५५००' हे लेटेक्स शाईचे यंत्र बाजारात आणले. त्याची छपाईची रुंदी १०४ इंच, म्हणजे सुमारे २.६४ मीटर होती. पुढे याच कंपनीने २०१८ मध्ये 'लेटेक्स आर' मालिकेत कडक पत्र्यांवर छापणारी आणि पांढरी शाई वापरणारी यंत्रे आणली. मिमाकी व रिको या जपानी कंपन्यांनीही लेटेक्स शाईची यंत्रे तयार केली. एप्सन या कंपनीची 'रेझिन' शाई तत्त्वतः याच गटात मोडते.

शाईची घडण आणि सुकण्याची क्रिया

लेटेक्स शाईचा सर्वांत मोठा घटक पाणी असते. त्यात रंगद्रव्याचे कण, बहुवारिकाचे कण आणि काही सहाय्यक द्रव्ये मिसळलेली असतात. रंग विरघळलेल्या स्वरूपात नसून कणांच्या स्वरूपात असल्याने तो प्रकाशात लवकर फिका पडत नाही.

एचपीच्या लेटेक्स यंत्रांत औष्णिक इंकजेट पद्धतीचे प्रिंटहेड असतात. प्रिंटहेडमधील सूक्ष्म तापक क्षणभर तापतो, त्याला लागून असलेल्या शाईची वाफ होऊन बुडबुडा तयार होतो आणि त्याच्या दाबाने छिद्रातून शाईचा थेंब बाहेर फेकला जातो. माध्यमावर पडलेल्या थेंबाचा पुढील प्रवास दोन टप्प्यांत होतो.

१. सुकवण : छपाई चालू असतानाच उष्णतेमुळे बरेचसे पाणी उडून जाते. थेंब पसरून शेजारच्या थेंबात मिसळण्यापूर्वीच ही क्रिया व्हावी लागते. अनेक यंत्रांत यासाठी 'ऑप्टिमायझर' नावाचा रंगहीन द्रवही फवारला जातो. तो शाईतील रंगद्रव्याला जागच्या जागी थिजवतो, त्यामुळे कडा स्पष्ट राहतात.

२. पक्के होणे (क्युअरिंग) : यानंतर माध्यम अधिक तापलेल्या भागातून जाते. तेथे उरलेली सहाय्यक द्रव्ये उडून जातात, बहुवारिकाचे कण मऊ होऊन एकमेकांत मिसळतात आणि रंगद्रव्याला कवेत घेणारा सलग पापुद्रा तयार होतो. बहुवारिकाचे कण ज्या किमान तापमानाला एकजीव होतात, त्या तापमानाच्या खाली ही क्रिया अपुरी राहते.

यंत्रातून बाहेर पडलेली छपाई कोरडी असते. द्रावकयुक्त शाईच्या छपाईवर पारदर्शक आवरण चढवण्यापूर्वी साधारणतः एक दिवस थांबावे लागते. लेटेक्स छपाईत ही प्रतीक्षा नसते. रंगजुळणीच्या दृष्टीने याचा लाभ असा, की नमुना छापून तो गार झाल्यावर लगेच मोजता येतो.

रंगाचे मोजमाप

डोळ्यांना दिसणारा रंग हा प्रकाश, वस्तू आणि पाहणारा या तिघांच्या संयोगाने ठरतो. त्यामुळे 'जरा गडद', 'थोडा तांबूस' अशा शब्दांत केलेले वर्णन छपाईसाठी पुरेसे नसते. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने (सीआयई) १९३१ मध्ये रंगाच्या संख्यात्मक मोजमापाची पद्धत निश्चित केली आणि १९७६ मध्ये तिच्यावर आधारित 'लॅब' ही रंगमोजणी स्वीकारली. तिच्यात प्रत्येक रंग तीन अंकांनी सांगितला जातो. 'एल' हा अंक उजळपणा दाखवतो. ० म्हणजे पूर्ण काळा आणि १०० म्हणजे पूर्ण पांढरा. 'ए' हा अंक हिरवा ते तांबडा आणि 'बी' हा अंक निळा ते पिवळा या दिशांमधील स्थान दाखवतो.

दोन रंगांतील अंतराला 'डेल्टा ई' म्हणतात. १९७६ च्या सूत्रानुसार तिन्ही अंकांतील फरकांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ म्हणजे हे अंतर होय. उदाहरणार्थ, मूळ नमुन्याचे अंक ५०, ६०, ४० आणि छापलेल्या नमुन्याचे ५२, ५९, ४२ असतील, तर फरक अनुक्रमे २, १ व २ येतात. त्यांच्या वर्गांची बेरीज ९ आणि वर्गमूळ ३ येते. म्हणजे अंतर ३ आहे. शेजारी ठेवलेल्या दोन सपाट रंगांत १ च्या आसपासचे अंतर सरावलेल्या डोळ्यालाही जेमतेम जाणवते. ३ चे अंतर बहुतेकांना दिसते. डोळा सर्व रंगांतील फरक सारख्याच तीव्रतेने टिपत नाही, म्हणून पुढे 'डेल्टा ई २०००' हे सुधारित सूत्र पुढे आले. आता बहुतेक ठिकाणी तेच वापरले जाते.

हे अंक मिळवण्यासाठी वर्णपटमापक (स्पेक्ट्रोफोटोमीटर) हे उपकरण लागते. काही लेटेक्स यंत्रांत ते आतच बसवलेले असते. नमुने पाहताना ५,००० केल्व्हिन रंगतापमानाचा प्रमाणित प्रकाश वापरण्याचा संकेत आहे. साध्या ट्यूबलाइटखाली मान्य केलेला रंग उन्हात वेगळा दिसणे ही नेहमीची तक्रार असते. दोन रंग एका प्रकाशात सारखे आणि दुसऱ्या प्रकाशात वेगळे दिसण्याच्या या गुणधर्माला मेटामेरिझम म्हणतात.

जुळणीचा क्रम

यंत्राची पूर्वतयारी

पहिला टप्पा यंत्राचा असतो. प्रिंटहेडच्या सर्व छिद्रांतून शाई येते का, हे तपासणी-नमुना छापून पाहिले जाते. बंद पडलेल्या छिद्रांमुळे त्या रंगाची शाई कमी पडते आणि संपूर्ण रंगाचा तोल ढळतो. त्यानंतर निरनिराळ्या रंगांचे थेंब एकमेकांवर बरोबर पडावेत म्हणून प्रिंटहेडची सरळता, आणि पट्टे दिसू नयेत म्हणून माध्यम पुढे सरकण्याचे अंतर निश्चित केले जाते. खोलीचे तापमान साधारण २० ते २५ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ४० ते ६० टक्के असणे हितकारक असते. कोकणातील पावसाळी हवेत कागद व कापड ओलावा धरतात. अशी गुंडाळी थेट यंत्रावर न चढवता काही तास छपाईच्या खोलीत ठेवावी लागते.

माध्यम आणि उष्णता

प्रत्येक माध्यम उष्णता वेगळ्या प्रकारे सहन करते. जाड फ्लेक्स तापण्यास वेळ घेतो, पातळ पीव्हीसी पापुद्रा लवकर ताणला जातो, तर कागदातील ओलावा उडून तो आकसतो. पक्के होण्याचे तापमान यंत्र व माध्यम यांनुसार बदलते; अनेक व्हिनाइल माध्यमांसाठी ते १०० अंश सेल्सिअसच्या मागेपुढे असते. तापमान कमी पडल्यास छपाई बोटाला तेलकट लागते आणि पुसली जाते. जास्त झाल्यास माध्यमाला सुरकुत्या पडतात, ते प्रिंटहेडला घासू शकते आणि पृष्ठभागाची चकाकी बदलते. चकाकी बदलली, की शाई तीच असूनही रंग वेगळा दिसतो.

यावर तापमानाइतकाच प्रभावी उपाय म्हणजे वेळ. प्रिंटहेड एकाच पट्ट्यावरून जितक्या वेळा फिरतो, तितके 'पास' झाले असे म्हणतात. पास वाढवले, की तीच शाई अधिक फेऱ्यांत थोडी थोडी पडते आणि मधल्या वेळेत सुकते. मात्र छपाईचा वेग घटतो. रस्त्यापलीकडून पाहायच्या फलकाला कमी पास पुरतात. हातभर अंतरावरून पाहायच्या चित्राला अधिक लागतात.

तापमान, पास आणि शाईचे प्रमाण या गोष्टी माध्यमाच्या नावाने यंत्रात साठवल्या जातात. यांपैकी एक जरी नंतर बदलली, तरी पुढील सर्व टप्पे पुन्हा करावे लागतात.

शाईची मर्यादा

माध्यमावर जितकी जास्त शाई तितका रंग गडद, हा समज एका मर्यादेपर्यंतच खरा आहे. त्या मर्यादेनंतर शाई वाढवूनही रंगाची घनता वाढत नाही. उलट रंगाचा सूर बदलतो. मॅजेंटा तांबडा होऊ लागतो आणि सायन निळ्याकडे झुकतो. शिवाय जास्तीची शाई नीट सुकत नाही. म्हणून सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा या प्रत्येक रंगाची आधी वेगळी मर्यादा ठरवली जाते आणि नंतर सर्वांची मिळून एकूण मर्यादा ठरते. चारही रंग पूर्ण पडल्यास एकूण शाई ४०० टक्के होते. प्रत्यक्षात कोणतेही सामान्य माध्यम इतकी शाई पेलत नाही. ही मर्यादा माध्यमाच्या क्षमतेपेक्षा वर ठेवल्यास गडद भागात शाईचे पुंजके दिसतात, आणि फार खाली ठेवल्यास सर्वच रंग निस्तेज होतात.

काही यंत्रांत फिका सायन आणि फिका मॅजेंटा अशा दोन जादा शाया असतात. त्यांचा उपयोग चेहऱ्याचा वर्ण, आकाश यांसारख्या उजळ भागातील खरखरीत ठिपके कमी करण्यासाठी होतो. त्यांमुळे रंगांची एकूण व्याप्ती वाढत नाही.

रेखीयीकरण

संगणकाने ५० टक्के शाई मागितली, तर माध्यमावर तितकाच गडदपणा दिसतो असे नाही. थेंब पसरतात आणि ठिपक्यांच्या कडेला प्रकाश अडकतो. त्यामुळे ५० टक्क्यांचा ठिपका ६५ टक्क्यांसारखा दिसू शकतो. याला बिंदुवाढ (डॉट गेन) म्हणतात. रेखीयीकरण अथवा लिनिअरायझेशन या टप्प्यात प्रत्येक शाईच्या फिक्या ते गडद पायऱ्या छापून मोजल्या जातात आणि मागणी व परिणाम यांचे प्रमाण समान राहील अशी दुरुस्ती साठवली जाते. यंत्र जुने झाले, प्रिंटहेड बदलला किंवा गुंडाळीचा नवा साठा आला, की हाच टप्पा पुन्हा करून यंत्राला त्याच्या मूळ स्थितीत आणता येते. म्हणून रेखीयीकरणाला रंगातील सातत्याचा पाया मानतात.

रंगप्रोफाइल

विशिष्ट यंत्र, शाई, माध्यम आणि छपाईची पद्धत यांच्या संयोगातून कोणते रंग कसे उमटतात, याची संख्यात्मक नोंद म्हणजे रंगप्रोफाइल होय. तिचे स्वरूप इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम या संस्थेने निश्चित केले. ही संस्था १९९३ मध्ये ॲडोबी, ॲगफा, ॲपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट आदी आठ कंपन्यांनी स्थापन केली. तिच्या आद्याक्षरांवरून अशा नोंदीला 'आयसीसी प्रोफाइल' म्हणतात.

प्रोफाइल तयार करण्यासाठी रंगांचे शेकडो चौकोन असलेला तक्ता छापला जातो, 'आयटी ८.७/४' या प्रचलित तक्त्यात १,६१७ चौकोन आहेत. छपाई पक्की होऊन गार झाल्यावर प्रत्येक चौकोन मोजला जातो आणि संगणकीय प्रणाली त्यावरून प्रोफाइल बनवते. माध्यमात पांढरेपणा वाढवणारी चकाकद्रव्ये असतील, तर मोजमापाच्या वेळी अतिनील किरणांचे प्रमाण किती होते, याचीही नोंद महत्त्वाची ठरते. अन्यथा प्रोफाइल त्या निळसर पांढऱ्या रंगाची भरपाई म्हणून चित्रात पिवळेपणा आणू शकते.

याच टप्प्यात काळ्या शाईचा वापर ठरतो. करडा रंग सायन, मॅजेंटा आणि पिवळा यांच्या मिश्रणातूनही तयार होतो. पण तिघांपैकी एकाचे प्रमाण किंचित ढळले, तरी करड्यावर हिरवट किंवा गुलाबी छटा येते. करड्यातील रंगीत शाईच्या जागी काळी शाई अधिक वापरल्यास एकूण शाई कमी लागते, छपाई लवकर सुकते आणि प्रकाश बदलला तरी करडा रंग करडाच राहतो. उजळ भागात मात्र काळे ठिपके उठून दिसू नयेत म्हणून काळी शाई उशिरा सुरू केली जाते.

पडताळणी

शेवटी ज्ञात अंकांच्या रंगांची पट्टी छापून ती मोजली जाते आणि अपेक्षित अंकांशी ताडून पाहिली जाते. बोधचिन्हांच्या रंगांसाठी २ ते ३ पर्यंतचे अंतर बहुधा मान्य केले जाते. हीच पट्टी ठरावीक काळाने छापून जपून ठेवली, तर रंग हळूहळू ढळत असल्याचे ग्राहकाच्या तक्रारीपूर्वीच लक्षात येते.

रंगरूपांतराचे उद्देश

प्रत्येक यंत्राला छापता येणाऱ्या रंगांना सीमा असते. तिला रंगव्याप्ती म्हणतात. पडद्यावरचा झगझगीत हिरवा किंवा शुद्ध निळा चार शायांत छापता येत नाही. भगवा आणि झेंडूसारखा गडद नारिंगी हे रंगही या सीमेच्या अगदी काठावर असतात. त्यांत पिवळा व मॅजेंटा यांचे प्रमाण थोडे चुकले, की रंग विटकरी किंवा पिवळट दिसतो. सीमेबाहेरच्या रंगांचे काय करायचे, हे रूपांतराच्या उद्देशाने ठरते. आयसीसी पद्धतीत असे चार उद्देश आहेत.

दृश्यानुसारी (पर्सेप्च्युअल) : सर्व रंग प्रमाणात आत ओढले जातात, त्यामुळे छटांमधील परस्परसंबंध टिकतो. छायाचित्रांना उपयुक्त.

सापेक्ष मापनानुसारी (रिलेटिव्ह कलरिमेट्रिक) : सीमेतील रंग जसेच्या तसे ठेवून फक्त बाहेरचे रंग काठावर आणले जातात, माध्यमाचा पांढरा हाच पांढरा मानला जातो. बोधचिन्हे आणि सपाट रंगांना उपयुक्त.

निरपेक्ष मापनानुसारी (ॲब्सोल्यूट कलरिमेट्रिक) : मूळ माध्यमाचा पांढराही छापून दाखवला जातो. दुसऱ्या छपाईची नमुनाप्रत काढताना उपयुक्त.

संपृक्ततानुसारी (सॅच्युरेशन) : अचूकतेपेक्षा झळाळी महत्त्वाची मानली जाते. आलेख व तक्त्यांना उपयुक्त.

मूळ फाइलची तयारी

छपाईसाठी येणाऱ्या फाइलमध्ये तिची रंगप्रोफाइल जोडलेली असणे आवश्यक असते. प्रोफाइल नसलेली फाइल म्हणजे एकक न लिहिलेला आकडा. छपाईची प्रणाली तिचा अर्थ अंदाजाने लावते. छायाचित्रे शक्यतो मूळ आरजीबी स्वरूपातच ठेवून शेवटच्या टप्प्यावर रूपांतरित करावीत, असे मानले जाते. त्यांचे ऑफसेट छपाईच्या सीएमवायके प्रमाणात आधीच रूपांतर केले, तर त्या छपाईच्या मर्यादा चित्राला चिकटतात आणि यंत्र अधिक रंग छापू शकत असूनही ते परत मिळत नाहीत.

बोधचिन्हांचे रंग बहुधा पँटोन पद्धतीच्या क्रमांकांनी सांगितले जातात. ही पद्धत १९६३ पासून प्रचारात आहे. असे रंग फाइलमध्ये त्यांच्या नावानेच ठेवल्यास छपाईची प्रणाली त्यांचे लॅब अंक घेऊन त्या माध्यमावरील सर्वांत जवळचे मिश्रण शोधते. मोठ्या काळ्या पृष्ठभागांसाठी केवळ काळी शाई वापरल्यास तो करडा दिसतो. म्हणून त्यात अन्य शायांची भर घातली जाते. बारीक अक्षरे मात्र केवळ काळ्या शाईत ठेवणे इष्ट, कारण अनेक रंग एकमेकांवर बसवताना कडा धूसर होतात.

विशेष प्रसंग

मागून प्रकाश असलेले फलक : साध्या छपाईत प्रकाश शाईच्या थरातून दोनदा जातो, एकदा आत शिरताना आणि पृष्ठभागावरून परतताना दुसऱ्यांदा. मागून प्रकाश सोडलेल्या फलकात तो एकदाच जातो. त्यामुळे तीच छपाई तेथे फिकट दिसते. अशा फलकांसाठी अधिक शाई, अधिक पास आणि आरपार प्रकाशात मोजून तयार केलेली वेगळी प्रोफाइल लागते.

जोडपट्ट्यांची छपाई : सुमारे ४ मीटर रुंदीच्या भिंतीसाठी १.३७ मीटर (५४ इंच) रुंद व्हिनाइलचे तीन पट्टे छापावे लागतात. पट्ट्याच्या डाव्या व उजव्या कडेच्या तापमानात किंचित फरक असला, तरी जोडावर रंगाची रेघ दिसते. म्हणून एकाआड एक पट्टा उलटा फिरवून छापला जातो. त्यामुळे भिंतीवर उजवी कड उजव्या कडेला आणि डावी कड डाव्या कडेला भिडते. सर्व पट्टे एकाच गुंडाळीवर, मध्ये खंड न पाडता छापणेही आवश्यक असते. एक पट्टा नंतर पुन्हा छापावा लागला, तर तो उरलेल्या पट्ट्यांशी जुळेलच असे नाही.

पारदर्शक व रंगीत माध्यम : सायन, मॅजेंटा व पिवळा या शाया पारदर्शक असतात; त्यांना मागे पांढरा पृष्ठभाग लागतो. काचेवर चिकटवायच्या पारदर्शक पापुद्र्यावर म्हणून आधी पांढऱ्या शाईचा थर देतात. प्रोफाइलही त्या थरावर छापूनच तयार करावी लागते.

सामान्य दोष आणि त्यांची कारणे

सपाट रंगात पुंजके किंवा ढगाळपणा : शाई जास्त, सुकवणीची उष्णता कमी अथवा पास अपुरे.

दोन रंगांच्या सीमेवर एकाचा दुसऱ्यात शिरकाव : एकूण शाईची मर्यादा जास्त किंवा ऑप्टिमायझरचे प्रमाण अयोग्य.

आडवे पट्टे : माध्यम सरकण्याचे अंतर चुकीचे किंवा छिद्रे बंद. प्रिंटहेड जाताना व येताना रंग उलट क्रमाने पडत असल्यानेही एकाआड एक पट्ट्यांच्या छटेत फरक पडू शकतो.

करड्या रंगावर छटा : रेखीयीकरण जुने झालेले किंवा दुसऱ्या माध्यमाची प्रोफाइल वापरलेली.

छपाई पुसली जाणे : पक्के होण्याची उष्णता अपुरी.

आज छापलेले व महिन्यापूर्वी छापलेले न जुळणे : माध्यमाचा साठा, प्रिंटहेड किंवा तापमान यांत बदल होऊनही रेखीयीकरण पुन्हा न करणे.

या दोषांवर चित्रातच उजळपणा किंवा रंग वाढवून उपाय करण्याकडे कल असतो. त्यामुळे एक काम निभावते. परंतु तीच फाइल दुसऱ्या माध्यमावर छापताना दुप्पट चुकते. दोष ज्या टप्प्यात निर्माण झाला, तेथेच तो दुरुस्त करणे हे रंगव्यवस्थापनाचे मूलतत्त्व मानले जाते.

मर्यादा

लेटेक्स यंत्राला उष्णतेसाठी बरीच वीज लागते आणि ते तापण्यास वेळ घेते. उष्णता न सोसणाऱ्या पातळ प्लास्टिकवर छपाई करणे अवघड जाते. चार मूळ शायांमुळे नारिंगी, हिरवा व जांभळा या दिशांतील रंगव्याप्ती मर्यादित राहते, आणि कितीही अचूक प्रोफाइल केली तरी ती वाढत नाही. प्रोफाइल यंत्राची क्षमता वाढवत नाही. आहे त्या क्षमतेचा योग्य वापर करून देते. तसेच यंत्रासोबत किंवा माध्यमाच्या उत्पादकाकडून मिळणारी तयार प्रोफाइल ही सरासरी परिस्थितीसाठी असते. ती आरंभासाठी पुरेशी ठरते. काटेकोर कामासाठी आपल्या यंत्रावर मोजून केलेल्या प्रोफाइलची जागा ती घेऊ शकत नाही.

महत्त्व

मोठ्या आकाराच्या छपाईत बिघडलेला रंग म्हणजे वाया गेलेले अनेक चौरस मीटर प्लास्टिक होय. पीव्हीसीवर आधारलेल्या फ्लेक्स व व्हिनाइलचा शाईसह पुनर्वापर करणे कठीण असल्याने हा कचरा दीर्घकाळ टिकतो. लेटेक्स शाई द्रावकांच्या वाफेपासून कामगारांची बऱ्याच अंशी सुटका करते, आणि घरातील हवेच्या दृष्टीने सुरक्षित उत्पादनांना दिले जाणारे 'ग्रीनगार्ड गोल्ड' प्रमाणपत्र एचपीच्या लेटेक्स शायांना मिळालेले आहे. त्यामुळे शाळा व रुग्णालये यांच्या आतील भिंतींसाठीही ती वापरली जाते. परंतु चुकलेली छपाई पुनःपुन्हा करावी लागली, तर शाईच्या या गुणाचा लाभ उरत नाही. नमुना छापणे, मोजणे आणि नोंद ठेवणे यांत जाणारा वेळ हा या दृष्टीने छपाईच्या खर्चाचा भाग नसून त्या खर्चातील बचत ठरतो.